फाइलींचे स्वयंचलित स्थानांतर

दस्तऐवज व्यवस्थापनात फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये माणसाने हाताने न हलवता, आधी ठरवून दिलेल्या नियमांनुसार संगणकाने हलवण्याची पद्धत. स्कॅन झालेले बिल ‘आवक’मधून ‘तपासणी’त, तपासलेले ‘मंजुरी’त आणि मंजूर झालेले ‘अभिलेखा’त जाणे, हे याचे नेहमीचे उदाहरण.

कागदी कारभारात फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते पाहिले की काम कुठे अडले ते कळे. फोल्डरांच्या रचनेने तीच सोय संगणकात आणली. या पद्धतीत फोल्डर ही नुसती ठेवण्याची जागा नसते. फाइल कोणत्या टप्प्यावर आहे हे त्यावरून ठरते. म्हणूनच एक फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये असावी लागते. पुढे प्रत गेली आणि मूळ फाइलही मागे राहिली, की बिल दोनदा मंजूर होण्याची वाट मोकळी होते. स्थानांतराची जवळजवळ सगळी तांत्रिक काळजी या एका अटीसाठी घ्यावी लागते.

कार्यपद्धती : नियमात तीन गोष्टी सांगाव्या लागतात : फाइल कधी हलवायची, कोणती हलवायची आणि कुठे. ‘कधी’चे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिला प्रकार म्हणजे ठरावीक वेळाने फोल्डर उघडून पाहणे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत असलेला ‘क्रॉन’ हा कार्यक्रम ठरल्या वेळी कामे सुरू करून देतो आणि आजही याच कामाला जुंपला जातो. दुसऱ्या प्रकारात फोल्डरमध्ये बदल होताच ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः कळवते. लिनक्समध्ये ही सोय ‘आयनोटिफाय’ या नावाने २००५ मध्ये कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) २.६.१३ या आवृत्तीत आली. विंडोज आणि मॅकवरही तिच्यासारख्या सोयी आहेत.

सूचनेवर चालणारी पद्धत चटपटीत वाटते, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. एकदम हजारो फाइली आल्या तर सूचनांची रांग भरून ओसंडते आणि काही सूचना गळतात. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या यंत्राने केलेला बदल आयनोटिफायला कळतच नाही. त्यामुळे सूचनेच्या जोडीला दर काही मिनिटांनी संपूर्ण फोल्डरवरून एक फेरी मारणे, हीच भरवशाची रचना.

‘कोणती’ आणि ‘कुठे’ हे फाइलचे नाव, प्रकार, तारीख, तिला जोडलेली माहिती किंवा अक्षरओळख करून वाचलेला मजकूर यांवरून ठरते. नावात तारीख घालायची असेल तर वर्ष-महिना-दिवस असा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम पाळावा. मग नावांचा क्रम लावला की तारखांचाही आपोआप लागतो.

अर्धवट फाइल : चाळीस पानांचा दस्तऐवज स्कॅन होत असताना स्कॅनर फाइल थोडी थोडी लिहीत जातो. पहिला तुकडा पडताच फोल्डरमध्ये नाव दिसू लागते, नियमाला वाटते फाइल आली आणि तो ती उचलून पुढे नेतो. पुढच्या टप्प्यावरचा माणूस ती उघडतो तेव्हा तीन पाने दिसतात किंवा फाइल उघडतच नाही. नवख्या रचनांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

यावर तीन उपाय रूढ आहेत. फाइलचा आकार काही वेळ बदलला नाही की ती पूर्ण झाली असे धरणे, हा त्यांतला सोपा पण कच्चा उपाय. नेटवर्क मध्येच रेंगाळले तरी आकार स्थिर राहतो. पाठवणाऱ्याने मुख्य फाइल लिहून झाल्यावर शेजारी एक रिकामी खूण-फाइल ठेवणे, हा दुसरा. तिसरा आणि सर्वांत चोख उपाय म्हणजे फाइल तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाली की तिचे नाव बदलायचे. एकाच फाइल सिस्टिममध्ये (म्हणजे डिस्कच्या एकाच विभागात) नाव बदलणे ही अखंड क्रिया असते. ती एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही. मधली अवस्था कोणालाही दिसत नाही. तिथे फाइल हलवणे म्हणजेही नाव बदलणेच असते. मजकूर जागचा हलत नाही, म्हणून प्रचंड मोठी फाइलसुद्धा क्षणात हलते.

वेगळ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवर न्यायचे असेल तर हा आधार सुटतो. तिथे ‘हलवणे’ म्हणजे प्रत काढून मूळ फाइल पुसणे, आणि मध्येच वीज गेली तर अर्धी प्रत मागे राहते. अशा वेळी पावलांचा क्रम मोडून चालत नाही : पलीकडे तात्पुरत्या नावाने प्रत काढणे, दोन्हींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवणे, प्रतीला खरे नाव देणे आणि मगच मूळ फाइल पुसणे.

या विचाराचा देखणा नमुना ई-मेलच्या जगात आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी १९९० च्या दशकात ‘मेलडिर’ ही रचना आखली. तिच्यात तीन फोल्डर असतात : टेम्प (tmp), न्यू (new) आणि कर (cur). येणारे पत्र एकमेव नावाने टेम्पमध्ये लिहिले जाते, पूर्ण झाल्यावर न्यूमध्ये जाते आणि पत्र वाचणाऱ्या प्रोग्रॅमने पाहिले की करमध्ये. इतर प्रोग्रॅमना थोपवण्यासाठी फाइलीला कुठेही कुलूप लावावे लागत नाही, तरी अर्धे पत्र कोणाच्या हाती पडत नाही.

नावांचे घोळ : स्कॅनरचा अनुक्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाला की ‘स्कॅन०००१’ नावाची दुसरी फाइल येते. युनिक्स धाटणीच्या प्रणालींत नाव बदलण्याची मूळ क्रिया त्याच नावाची जुनी फाइल मुकाट्याने पुसून टाकते. म्हणून नावात वेळ जोडणे किंवा आधीची फाइल असेल तर थांबणे, हे नियमातच लिहून ठेवावे.

देवनागरी नावांना आणखी जपावे लागते. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्य’ तीन प्रकारे लिहिलेला आढळतो : ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र आणि खाली नुक्ता जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसू शकतात, पण संगणकाच्या लेखी ती तीन निराळी नावे असतात आणि एका नावासाठी लिहिलेला नियम बाकीच्या दोन नावांच्या फाइलींना लागू होत नाही. युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकातल्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची निरनिराळी लेखने एका ठरावीक रूपात आणण्याने) पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा वेगळा हाताळावा लागतो. शिवाय लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून फार तर ८५ चिन्हे. विषय, विभाग आणि तारीख नावात कोंबणाऱ्यांना ही मर्यादा लवकरच आडवी येते.

साधने : विंडोजमध्ये रोबोकॉपी आणि युनिक्स धाटणीच्या प्रणालींत आरसिंक ही फाइलींच्या प्रती काढण्याची जुनी, कसलेली साधने. छपाई व्यवसायात ‘हॉट फोल्डर’ मुरलेला आहे : त्यात टाकलेली फाइल थेट पुढच्या प्रक्रियेला लागते. अल्फ्रेस्को या दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीत फोल्डरलाच नियम जोडता येतात, तर मायक्रोसॉफ्टच्या तशाच शेअरपॉइंट २०१० या प्रणालीत दस्तऐवज एका ठिकाणी टाकला की त्याच्या माहितीवरून तो योग्य जागी पोचवण्याची सोय आली. अशा प्रणालींत दस्तऐवजाला स्वतःचा ओळख क्रमांक देता येतो, त्यामुळे तो हलला तरी त्या क्रमांकाने शोधता येतो. साध्या सामायिक फोल्डरमध्ये मात्र मार्ग हीच ओळख असते आणि फाइल हलली की जुने दुवे तुटतात.

परवानग्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर एकाच ड्राइव्हमध्ये हलवलेली फाइल सहसा जुन्या परवानग्या सोबत नेते, तर प्रत केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. गोपनीय फोल्डरमध्ये आलेली फाइल सगळ्यांना उघडता येते, असे प्रकार यातूनच होतात.

नोंदी : कोणती फाइल, कोणत्या नियमाने, कुठून कुठे व केव्हा गेली, याची नोंद यंत्रणेने ठेवायला हवी. अभिलेख व्यवस्थापनाचे आयएसओ १५४८९ हे मानक २००१ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. अभिलेख अस्सल व विश्वासार्ह असावा ही अपेक्षा त्यात आहे, आणि नोंदीविना ती पुरी करणे अवघड. कोणत्याच नियमात न बसणाऱ्या फाइलींसाठी वेगळा फोल्डर लागतो आणि तो रोज उघडून पाहणारा एक ठरलेला माणूसही. तो नेमलेला नसेल तर फाइली तिथेच साचत राहतात, आणि नोंदवहीत मात्र त्या ‘हलवल्या’ म्हणून दिसतात.