तारीखबदलाचा घोळ (सातारा-सांगली)

तारीखबदलाचा घोळ : देशोदेशीच्या प्रमाणवेळांतील फरक आणि पॅसिफिक महासागरातली आंतरराष्ट्रीय वाररेषा यांमुळे ‘आज कुठला वार, किती तारीख’ यावरून उडणारा गोंधळ. माणसे लांबचा प्रवास करतात किंवा लांबच्यांशी बोलतात तिथे तो होतोच. या नोंदीत त्याची सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली रूपे घेतली आहेत. इथल्या घोळाला स्वतःची चव आहे, कारण दिवस मोजायच्या दोन रीती इथे एकाच घरात आधीपासून नांदतात. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि कॅलेंडरची तारीख मध्यरात्री. वाररेषा ही त्यात आलेली तिसरी भानगड.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. एका अंशाला ४ मिनिटे. सातारा साधारण ७४° पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून धरतात. मधल्या साडेआठ अंशांमुळे साताऱ्याचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३४ मिनिटे मागे चालतो. सांगली थोडी पूर्वेला असल्याने तिथे हाच फरक ३२ मिनिटांच्या आसपास येतो. तेव्हा काटेकोर बोलायचे तर या दोन गावांचीही वेळ एक नाही, पण दोन मिनिटांवरून अजून कुणी भांडलेले नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ मुंबईत १९५५ पर्यंत काही ना काही रूपात तग धरून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, अख्ख्या देशाची घड्याळे एक तास पुढे केलेली होती. ‘कुठला टाइम म्हणताय?’ हा प्रश्न त्या पिढीला नवा नव्हता.

वाररेषा १८०° रेखावृत्ताला धरून जाते असे आपण शाळेत शिकतो, आणि पूर्वेकडे जाताना तोच वार पुन्हा धरायचा, पश्चिमेकडे जाताना पुढचा धरायचा, हा नियम नववीच्या भूगोलात पाठ करतो. प्रत्यक्षात ही रेषा कुठल्याही कराराने आखलेली नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या २५ देशांच्या परिषदेत ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त ठरले. वाररेषेचा मार्ग मात्र कुणीच बांधून दिला नाही. कोणती तारीख पाळायची ते ज्या त्या देशाने ठरवायचे आणि नकाशा काढणाऱ्याने रेषा तशी वाकवायची, असा हा कारभार आहे. म्हणून ती सरळ नाही. बेरिंगच्या सामुद्रधुनीत रशियाचे मोठे डायोमीड आणि अमेरिकेचे छोटे डायोमीड ही बेटे जेमतेम ४ किलोमीटरवर समोरासमोर आहेत आणि रेषा त्यांच्या मधून जाते. छोट्या बेटावरून मोठ्या बेटावर ‘उद्या’ दिसतो. किरिबाटी या देशाने १९९५ च्या सुरुवातीला आपली सगळी बेटे एका तारखेत आणली, त्यामुळे रेषेला पूर्वेकडे भलेमोठे पोट सुटले. सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून २०११ मध्ये बाजू बदलली. तिथे गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला. ३० तारीख झालीच नाही.

या बातमीचे जगभर नवल झाले. सांगली-साताऱ्यात पंचांग बघणाऱ्या माणसाला त्यात फारसे नवल वाटायला नको. तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धी होते, चतुर्थीनंतर एकदम षष्ठी येते किंवा दोन दिवस एकच एकादशी राहते, हे तो लहानपणापासून बघतो. शिवजयंतीही साताऱ्यात तारखेने १९ फेब्रुवारीला आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला, अशी दोनदा साजरी होते. सामोआच्या शुक्रवाराचा क्षय झाला, एवढेच त्याला सांगावे लागते.

वाररेषेची कल्पनाही नव्हती तेव्हा हा घोळ पहिल्यांदा कागदावर आला तो मॅगेलनच्या मोहिमेत. पृथ्वीला पश्चिमेकडून वळसा घालून ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डे बेटांना लागले. मोहिमेचा रोजनिशीकार अंतोनियो पिगाफेत्ता याच्या हिशेबाने तो बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक गुरुवार सांगत होते. त्याने एकही दिवस लिहायचा सोडला नव्हता, त्यामुळे त्याला हे काही केल्या पटेना. सूर्याच्या मागे मागे जाताना त्यांचा प्रत्येक दिवस थोडा थोडा लांबला होता आणि अख्ख्या फेरीत मिळून एक दिवस कमी भरला होता, हे नंतर ध्यानात आले. अजूनही बहुतेकांची समजूत अशी असते की वाररेषेवर पोहोचताच काहीतरी घडते. तिथे फक्त खातेवहीतली नोंद होते. तासांची देवघेव वाटेत आधीच चुकती झालेली असते.

आणखी एक गमतीची गोष्ट रोज दुपारी चहाच्या वेळेला घडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जगातली सगळ्यात पुढची वेळ ग्रीनिचच्या १४ तास पुढे आहे (किरिबाटीची पूर्वेकडची बेटे) आणि सगळ्यात मागची १२ तास मागे (निर्मनुष्य बेकर आणि हाउलंड बेटे). म्हणून भारतीय वेळेनुसार साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत पृथ्वीवर एकाच वेळी तीन तारखा चालू असतात. सांगलीत दुपारचा चहा गाळला जातो तेव्हा किरिबाटीत उद्या सुरू झालेला असतो आणि बेकर बेटावर कालचा दिवस संपायचा असतो. कुठलीही एक तारीख पृथ्वीवर अशी एकूण ५० तास जगते. ३१ डिसेंबरला दुपारी साडेचारलाच टीव्हीवर ऑकलंडची आतषबाजी दिसते ती यामुळेच. ती बघून ‘झालं का नवीन वर्ष? मग रात्री जागायचं कशाला?’ असे विचारणारी एखादी आजी प्रत्येक घरात असते, आणि तिला पटेल असे उत्तर सहसा कुणाकडे नसते.

इथला सगळ्यात महाग पडणारा घोळ मात्र वाररेषेचा नाही, मध्यरात्रीचा आहे. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तिकिटावर ‘१२ जून, ००:४०’ असे छापलेले असते. इथल्या बोलण्यात बाराची रात्र म्हणजे बाराचा दिवस मावळल्यावर येणारी रात्र. त्यामुळे अकरा तारखेला घरात निवांतपणा असतो. बाराला सकाळी पाहुणे जमतात, लाडवांचे डबे आणि चटणीच्या पुड्या वजनकाट्यावर चढतात, बॅग २३ किलोंत बसत नाही म्हणून लोणच्याची बरणी बाहेर निघते आणि आई ती हळूच दुसऱ्या बॅगेत सरकवते. हातावर दही-साखर पडते. साताऱ्याहून मुंबई साधारण २५० किलोमीटर, सांगलीहून त्यात आणखी सव्वाशेची भर. एवढे अंतर कापून विमानतळाच्या दारात उभे राहिल्यावर तिथला जवान तिकीट बघतो आणि सांगतो, हे विमान काल रात्रीच गेले.

‘अहो, पण तिकीट बाराचंच आहे ना?’
‘बाराचंच आहे.’
‘आणि आज बाराच आहे ना?’
‘हो.’
‘मग?’

दोघांचेही बरोबर असते. एकाचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, दुसऱ्याचा घड्याळाबरोबर. मुरलेले ट्रॅव्हल एजंट म्हणून तिकिटाच्या कोऱ्या जागेत पेनाने ‘११ च्या रात्री’ असे लिहून देतात आणि भाड्याच्या गाडीवाल्याला ‘अकरा आणि बाराच्या मधली रात्र’ असे दोनदा सांगितले जाते. मिरज जंक्शनला मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाड्यांच्या आरक्षणातही हाच पेच असतो, फक्त तो स्वस्तात सुटतो.

खरोखर वाररेषा ओलांडणारे प्रवासी तुलनेने थोडे. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजलिसला त्याच तारखेच्या सकाळी किंवा दुपारी, म्हणजे निघण्याच्या ‘आधी’ उतरतो. उलट दिशेने जाताना मधली एक तारीख पूर्ण गिळली जाते. त्या तारखेला ज्याचा वाढदिवस असेल त्याने केक कुठे कापायचा हे विमानकंपन्या सांगत नाहीत. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमाने २०१६ पासून पॅसिफिकवरूनही जाऊ लागली. सुमारे १५ तासांच्या या प्रवासात निघालेली तारीख उतरतानाही तीच राहते आणि घड्याळ जेमतेम दोनेक तास पुढे गेलेले दिसते. असल्या तिकिटावरच्या दोन वेळा वाचून ‘अमेरिका एवढी जवळ आली?’ म्हणणारे वडीलधारे कमी नाहीत.

रोजचा घोळ फोनवरचा. सातारा भागात तो साधारण असा चालतो :

‘आरं, उजाडलं का तुमच्याकडं?’
‘नाही आजी, इथं अजून कालचीच रात्र चालू आहे.’
‘आन् मी तर आजचं दूध तापवाया ठेवलंय.’
‘हो.’
‘मंजी माझं दूध उतू गेलं तरी तुला उद्याच कळणार म्हण की!’

मुलगा-सून परदेशी असलेल्या अनेक घरांत भिंतीवर दुसरे घड्याळ असते, खाली चिकटपट्टीवर ‘अमेरिका’ असे लिहिलेले. मोबाइल आल्यावर त्याची गरज उरलेली नाही, पण ते काढायला कुणाचा हात धजत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची बहुतेक घड्याळे तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, तेव्हा कुणीतरी स्टुलावर चढून काटा फिरवावा लागतो. तो फिरवला नाही की पुढचे चार-आठ महिने नातवंडांना झोपेतून उठवण्याचा कार्यक्रम चालतो. ब्रिटनची वेळ काढायला एक सोपी युक्ती आहे : काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरायचे. भारतात ९ वाजले असतील तर उलट्या तबकडीवर साडेतीन दिसतात, आणि हिवाळ्यात तिथे तेवढेच वाजलेले असतात. साडेपाच तासांच्या फरकामुळे हे जमते. उन्हाळ्यात फरक साडेचारचा होतो आणि युक्ती फसते.

पंचांग मध्ये आले की प्रकरण रंगते. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि ती वेळ गावागावाला वेगळी. तिथी मात्र चंद्र-सूर्यातल्या कोनावरून ठरत असल्याने जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. समजा, सांगलीत मंगळवारी सकाळी ८ ला चतुर्थी लागली आणि बुधवारी पहाटे साडेसहाला संपली. मंगळवारी रात्रीचा चंद्रोदय तिच्यात सापडतो. सांगलीला अंगारकी, गणपती मंदिरापुढे रांग. हाच काळ शिकागोत, उन्हाळ्याच्या वेळेने, सोमवारी रात्री साडेनऊ ते मंगळवारी रात्री आठ असा पडतो. तिथे सोमवारी रात्री दहाच्या सुमाराला चंद्र उगवला तर चतुर्थी सोमवारची, आणि मंगळवारी तो उगवेपर्यंत पंचमी लागलेली. एकाच घरातल्या सासूला अंगारकी मिळते आणि सुनेची हुकते. सासूने मंगळवारी सकाळी ‘आज अंगारकी आहे हं’ असा निरोप पाठवावा, तर तो पोहोचेपर्यंत सून साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपायच्या तयारीत असते. योगायोगाने तिचा उपवास बरोबर दिवशी झालेला असतो, पण ते दोघींपैकी कुणालाच ठाऊक नसते. परदेशातली जाणती मंडळी म्हणून तिथल्या गावाचेच पंचांग बघतात. १९७३ पासून घराघरांत लटकणारे कालनिर्णय तिथल्या भिंतीवरही असते, पण उपवासासाठी तेवढ्यावर भागत नाही.

बारशाचा हिशेब याहून चिवट. बाळ कॅलिफोर्नियात बुधवारी पहाटे २ वाजता जन्मले, तर तिथल्या दाखल्यावर बुधवार येतो. पत्रिकेत मंगळवार मांडला जातो, कारण सूर्य उगवलेला नव्हता. सांगलीत तेव्हा बुधवारची दुपार असते, आणि आजी पेढे वाटते ते बुधवारचेच म्हणून. बारावा दिवस मंगळवारपासून धरला तर शनिवार येतो, बुधवारपासून धरला तर रविवार. हा वाद सहसा शास्त्राने मिटत नाही, रविवारी सुट्टी असते म्हणून मिटतो. पत्रिका करणारे जाणकार ज्योतिषी जन्माची वेळ ‘तिकडचीच सांगा’ असे बजावतात आणि उन्हाळ्यातला तो वाढवलेला तास वजा करून घेतात. घरच्यांनी काळजीपोटी वेळ आधीच ‘आपल्याकडची’ करून दिली असेल तर तास दोनदा कापला जातो आणि लग्नरास सरकते. पुढे तिचा दोष ग्रहांवर जातो.

याच्या नेमके उलटे उदाहरण विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई व्यावसायिकांचे. सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यासाठी इथली माणसे देशभर पांगलेली आहेत, आणि देशभर घड्याळ एकच. सूर्य मात्र एक नाही. गुवाहाटीत डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमाराला अंधार पडू लागतो. विट्याकडे तेव्हा सूर्य मावळायला दीड तास असतो. नवखा पोरगा दिवेलागण झाली म्हणून दुकानाचे शटर खाली ओढतो आणि घरी फोन लावतो, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाची शाळासुद्धा सुटलेली नसते.