उशिरापर्यंत थांबतो तोच चांगला कामगार? एक खुलासा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या चहाच्या टपऱ्यांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सुट्टी न घेणारा, साहेब निघेपर्यंत न हलणारा माणूसच कंपनीला हवा असतो. हे खरं नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत ठेवलेल्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी 2014 मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण 50 तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं. पुढच्या प्रत्येक तासाला भर कमी कमी होत गेली. आपल्याकडेही 1948 च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालून जादा कामाला दुप्पट दर लावला. म्हणजे रेंगाळणारा माणूस मालकाला महागच पडतो!

मग मोल कशाला? माझ्या मते, चूक लवकर सांगण्याला. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) कापायचं टूल झिजलं, माप दोन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकायला लागलं, की तेव्हाच मशीन थांबवून सुपरवायझरला हाक मारणारा माणूस अख्खा लॉट वाचवतो. टोयोटाच्या कारखान्यांत तर अडचण दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून काम थांबवण्याची मुभा साध्या कामगारालाही असते. आपल्याकडे मात्र बोलणी खावी लागतील म्हणून गप्प बसतात, आणि रिजेक्शन गिऱ्हाइकाकडून परत येतं. पाळी बदलताना पुढच्याला नीट चार्ज देणं हेही त्यातलंच. मशीनचा कुरकुरणारा आवाज वहीत लिहिलेला नसतो.

वेळेवर येण्याला मात्र यातून सूट नाही. सातच्या पाळीला सव्वासातला पोचलात, तर रात्रपाळीवाला तिथेच अडकतो.