मेसेज घालवू नका, गाडी तशीच घेऊन या
(इलेक्ट्रिक लक्झरी गाडीच्या मालकांसाठी आमच्या वर्कशॉपचं माहितीपत्रक)

गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन येणाऱ्या सपाट ट्रकवरून, उतरते. मालक सांगतात, "काल कात्रजच्या चढावर एकदम पॉवर गेली, स्क्रीनवर लाल मेसेज आला, कशीबशी बाजूला घेतली." आम्ही लॅपटॉप जोडतो आणि गाडीच्या मेमरीत त्या प्रसंगाचा मागमूसही नसतो. थोडं विचारल्यावर कळतं की सकाळी ओळखीच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड पुसले, किंवा ड्रायव्हरने बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची तार काढून परत लावली. मेसेज गेला, दोन दिवस गाडी चालली, पुन्हा बंद पडली. मग आमच्याकडे आली.

हे वारंवार होतं. त्यात तुमची गाडी आठ-आठ दिवस अडकते आणि आमची एक रॅम्प अडते. म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आपल्याकडे मर्सिडीजची ईक्यूसी ऑक्टोबर २०२० मध्ये आली. २०२१ मध्ये जॅग्वार आय-पेस, ऑडी ई-ट्रॉन, पोर्शे टायकान, बीएमडब्ल्यू आयएक्स अशी रांगच लागली, आणि मर्सिडीजची ईक्यूएस ५८० तर २०२२ मध्ये आपल्या चाकणलाच जोडली जाऊ लागली. त्या पहिल्या गाड्यांपैकी बऱ्याच आता दुसऱ्या मालकाकडे आहेत. गाडी पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. पण इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा भाग), ऑनबोर्ड चार्जर (घरची वीज बॅटरीसाठी बदलून देणारा गाडीतला भाग), एसीचा कॉम्प्रेसर हे बॅटरीच्या वॉरंटीत येतातच असं नाही. जुनी गाडी घेतली असेल तर वॉरंटीचं पुस्तक एकदा शांतपणे वाचा, नाहीतर आमच्याकडे घेऊन या, आपण मिळून वाचू.

मेसेज एक, कारणं अनेक

"पॉवर कमी केली आहे", "ड्राइव्हमध्ये बिघाड", "सर्व्हिस सेंटरला जा" किंवा नुसतं कासवाचं चित्र. पडद्यावर येणारं वाक्य प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण त्यातून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. एवढंच कळतं की गाडीने स्वतःला वाचवायला पॉवर कमी केली. मागे मोटर असेल, इन्व्हर्टर असेल, कूलंटचा पंप असेल, मोठ्या बॅटरीचा काँटॅक्टर (तिला गाडीशी जोडणारा-तोडणारा स्विच) असेल, किंवा नुसती बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असेल.

खरी माहिती कोडमध्ये असते, आणि कोडपेक्षाही जास्त त्याच्यासोबत साठवलेल्या नोंदीत. तिला आम्ही फ्रीझ फ्रेम म्हणतो. ज्या क्षणी बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, बॅटरी किती टक्के होती, व्होल्टेज, तापमान, किलोमीटर, वेळ, असं बरंच काही गाडी टिपून ठेवते. स्कॅनरवरचं "क्लिअर" बटण दाबलं की ती नोंद जाते आणि पुन्हा मिळत नाही. बारा व्होल्टची तार काढली तर सगळं पुसलं जातं असं नाही, पण वेगळाच घोळ होतो. व्होल्टेज पडल्याचे, मॉड्यूलचा (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरचा) संपर्क तुटल्याचे वीस-तीस नवे कोड येऊन बसतात आणि मूळचा एक त्यांच्यात हरवतो.

एक उदाहरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक एसयूव्ही आली. इन्सुलेशनचा बिघाड आहे असा मेसेज येऊन गेला होता. मोठी बॅटरी ४०० व्होल्टच्या आसपासची, आणि तिचा कोणताही भाग गाडीच्या पत्र्याला लागता कामा नये. त्यासाठी नियम आहे, एका व्होल्टमागे किमान ५०० ओहम, म्हणजे या गाडीत किमान दोन लाख ओहमचा अडथळा हवा. गाडी हे सतत स्वतः मोजत असते. आम्ही मोजलं तर आकडा उत्तम. गाडी चालवली, धुतली, चार्ज केली, एसी लावला, काही नाही. कोड मालकांच्या ड्रायव्हरने मोबाइलच्या स्कॅनरने पुसले होते.

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या मुलाने गाडी बाहेर काढताना, काच धुरकट झाली म्हणून एसी लावला आणि मेसेज आला. दोन मिनिटांत गेलाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पहिल्यांदा कॉम्प्रेसर फिरला की तेवढ्यापुरताच बिघाड! आम्ही रोज एसी लावत होतो, पण दुपारी, गाडी एकदा फिरून आल्यावर. चौकशी केल्यावर कळलं, दोन महिन्यांपूर्वी कुठेतरी एसीचा गॅस भरून घेतला होता आणि सोबत पेट्रोल गाडीचं नेहमीचं तेल गेलं होतं. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर त्या तेलातच फिरते. त्याला वीज न वाहू देणारं खास तेल लागतं, बऱ्याच गाड्यांत पीओई नावाचं. नेहमीचं पीएजी तेल ओल धरतं आणि इन्सुलेशन पाडतं. कॉम्प्रेसर बदलावा लागला, सगळ्या नळ्या धुवाव्या लागल्या.

फ्रीझ फ्रेम शाबूत असती तर तिथे दिसलं असतं: सकाळची वेळ, वेग शून्य, कॉम्प्रेसर नुकताच चालू. सहा दिवसांचं काम पहिल्या तासात कळलं असतं. मालकांनी ते सहा दिवस टॅक्सीने काढले, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एकच. मेसेज आला की गाडी सुरक्षित जागी घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढा. किलोमीटर, बॅटरीचे टक्के आणि वेळ दिसेल असा. गाडी एकदा बंद-चालू करून पाहिली तर काही बिघडत नाही. पण कोणी "कोड उडवून देतो, नीट होईल" म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. स्वतःचा स्कॅनर असेल तर वाचा, यादीचा फोटो काढा आणि तिथेच थांबा.

छोटी बॅटरी, मोठा घोटाळा

"नव्वद टक्के चार्ज आहे, तरी गाडी उघडतच नाही" असा फोन दिवाळीच्या सुट्टीनंतर हमखास येतो. कारण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे काँटॅक्टर जुळायलाही बारा व्होल्ट लागतात. ती छोटी बॅटरी मेली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. बऱ्याच गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटीला अधूनमधून चार्ज देतात, पण मोठी फार उतरली की हे थांबवतात. वर तुम्ही अमेरिकेतून दिवसात दहा वेळा ॲप उघडून गाडी पाहिली तर प्रत्येक वेळी तिची अर्धी यंत्रणा जागी होते. तीन-चार आठवडे गाडी उभी ठेवायची असेल तर मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ॲप कमी उघडा.

चांगली बारा व्होल्टची बॅटरी गाडी शांत असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामी आहे. चार वर्षं झाली असतील तर कुरकुर सुरू व्हायची वाट न पाहता बदला. बदलतानाही क्षमता आणि प्रकार तोच हवा, आणि काही गाड्यांत नवीन बॅटरीची नोंद सिस्टिममध्ये करावी लागते. आम्ही ती करून देतो.

कधीकधी दोष बॅटरीचा नसून तिला चार्ज देणाऱ्या भागाचा असतो. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या, त्या याच कारणाने: चार्जिंगचं नियंत्रण करणारं आयसीसीयू नावाचं युनिट बिघडून बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. त्या युनिटचा बिघाड असताना नुसती बॅटरी बदलत राहणं म्हणजे पैसे पाण्यात. जंप स्टार्ट करायचाच असेल तर पुस्तकात दाखवलेल्या पॉइंटवरूनच करा. आणि आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्यांची डिझेल गाडी कधीही जंप स्टार्ट करू नका.

चार्जिंग अडतं तेव्हा

घरी चार्ज होत नाही आणि मॉलमधल्या चार्जरवर होतं, तर आधी घरचं अर्थिंग तपासा. जुन्या सोसायट्यांत हा प्रकार फार. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज चढतं आणि गाडी योग्य तेच करते, चार्जिंग नाकारते. खड्ड्यात पाणी ओतल्यावर "बिघडलेला" ऑनबोर्ड चार्जर ठीक झाल्याचं आम्ही पाहिलं आहे. तारेशिवाय अर्थिंगचं खोटं समाधान करून देणारे जुगाड इलेक्ट्रिशियन लावून देतात, ते जिवावर बेतू शकतं. ते लावू देऊ नका.

याउलट घरच्या (एसी) विजेवर चार्जिंग होतं आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरवर अडतं, तर ऑनबोर्ड चार्जर बहुधा निर्दोष असतो, कारण फास्ट, म्हणजे डीसी चार्जिंगमध्ये त्याचं काम नसतं. हा फरक फोनवरच सांगितलात तर आमचं निम्मं निदान तिथेच होतं.

आवाज

इलेक्ट्रिक गाडी शांत असते, म्हणून बारीक आवाजही कानाला लागतो. सगळे आवाज वाईट नसतात. उभ्या गाडीत काँटॅक्टरचा टक्, पंपाची गुणगुण, चार्जिंगनंतर पंखा, हे नेहमीचं. पण वेगाबरोबर वाढत जाणारी, ॲक्सिलरेटर सोडला तरी न थांबणारी घरघर आली तर मोटरचे किंवा गिअरचे बेअरिंग पाहावे लागतात. इन्व्हर्टरमुळे मोटरच्या शाफ्टमधून थोडी वीज बेअरिंगमधून जाते आणि त्याच्या कड्यावर बारीक आडव्या रेघा पाडते. आम्ही उघडलेल्या एका बेअरिंगचं कडं काउंटरवर ठेवलं आहे. त्यावरून नख फिरवून पाहा, कंगव्यासारखं लागतं.

हे काही नवीन नाही. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये ड्राइव्ह युनिटच्या घरघरीच्या तक्रारी इतक्या झाल्या की ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने त्या युनिटची वॉरंटी आठ वर्षं, कितीही अंतर, अशी वाढवली, आणि आधी विकलेल्या गाड्यांनाही दिली. सांगायचा मुद्दा, आवाज लवकर दाखवला तर बेअरिंगवर भागतं. उशीर केला तर आख्खं युनिट जातं.

जो बिघाड नाहीच

वाई उतरायला पाचगणीहून निघालात, हॉटेलवर रात्रभर चार्ज करून बॅटरी शंभर टक्के भरली आहे, आणि पसरणी घाटात पाय उचलला तर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. घाबरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागाच नसते, म्हणून रीजन (पाय उचलल्यावर मोटरनेच वेग कमी करून वीज बॅटरीत परत घेणं) बंद. ब्रेक चालू आहेत. घाटावर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. तसंच बॅटरी अगदी तळाला गेल्यावर, किंवा भर उन्हात सलग फास्ट चार्जिंग आणि जोरात ड्रायव्हिंग झाल्यावर पॉवर कमी होणं हे गाडीचं स्वसंरक्षण आहे. त्यासाठी आमच्याकडे येऊ नका, तासभर सावलीत थांबा.

गाडी उचलताना

फक्त फ्लॅटबेड, चारही चाकं वर. मागची चाकं रस्त्यावर फिरवत नेली तर मोटर जनित्रासारखी वीज तयार करते आणि इन्व्हर्टर जाऊ शकतो. बारा व्होल्ट मेले असतील तर पार्किंगचा लॉक सुटत नाही. तेव्हा चाकाखाली सरकत्या ट्रॉल्या लागतात, त्या मागवताना टोइंगवाल्याला आधीच सांगा.

आम्ही असं का करतो

निदानाचे ३,५०० रुपये आम्ही घेतो, बिघाड किरकोळ निघाला तरी. त्यात सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन, इन्सुलेशनची मोजणी, बारा व्होल्टची चाचणी आणि छापील अहवाल येतो. अहवाल तुमचा. तो घेऊन दुसरीकडे गेलात तरी आमची हरकत नाही. फोनवर "किती खर्च येईल" याचं उत्तर आम्ही देत नाही, कारण त्याच मेसेजमागे तारेचं एक सैल कनेक्टरही असतं आणि इन्व्हर्टरही. अंदाजाने मोठा आकडा सांगून घाबरवणं आम्हाला पटत नाही.

मोठ्या व्होल्टेजचं काम त्याच दिवशी करा असा आग्रह धरू नका. नारिंगी तारांना हात लावण्याआधी यंत्रणा तोडून, थांबून, व्होल्टेज शून्य झाल्याची दोनदा खात्री केली जाते. १,००० व्होल्टचे हातमोजे घालून एक मुलगा काम करतो आणि दुसरा नुसता शेजारी उभा असतो. बिलातला तो दुसरा माणूस काही ग्राहकांना खटकतो. तो आम्ही काढणार नाही.

वॉरंटीतली गाडी आम्ही तपासू, पण बॅटरी उघडणार नाही. तुम्हाला कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवू, अहवालासह. रिकॉलचंही तसंच. कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून पाहा, रिकॉलचं काम विनामूल्य होतं. २०२१ मध्ये पोर्शेने जगभरातल्या सुमारे ४३,००० टायकान बोलावल्या, चालत्या गाडीची पॉवर जात होती, आणि इलाज निव्वळ सॉफ्टवेअरचा होता. असं काम आमच्याकडे पैसे देऊन करून घ्यायचं कारणच नाही.

पावसाळ्याआधीची इन्सुलेशन आणि कनेक्टर तपासणी आम्ही मे महिन्यात करतो. जुनी गाडी विकत घेण्याआधीची तपासणी वर्षभर. दोन्हीसाठी आदल्या दिवशी कळवा, कारण गाडी रात्रभर इथे उभी ठेवून सकाळी थंड असतानाच पहिला स्कॅन घ्यायचा असतो.

येताना मेसेजचा फोटो, दोन्ही चाव्या, आणि गाडीवर आधी कुठे एसीचं, अपघाताचं किंवा ॲक्सेसरीचं काम झालं असेल तर त्याचं बिल आणा. गाडी धुवून आणू नका. पाणी कुठून शिरलं ते खालच्या चिखलाच्या ओघळांवरून आम्हाला दिसतं.