पॅचवर्क की अॅप्लिक? कात्री लावण्याआधी एवढं बघा

क्विल्टचं (नक्षीदार गोधड्यांचं) प्रदर्शन बघून आलं की हात शिवशिवायला लागतात. मीही एकदा अशीच पांढऱ्यावर लाल वेलीची गोल माळ बघून आले आणि घरी येऊन चौकोन कापायला बसले. चौकोनांतून वेल निघत नाही हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या होत्या. पाहिलं होतं अॅप्लिक, आणि मला येत होतं पॅचवर्क.

दोन्हीकडे रंगीत कापडाचे तुकडेच, म्हणून घोळ होतो. खरं तर एकच गोष्ट बघायची: आकाराच्या खाली कापड आहे का? पॅचवर्कमध्ये तुकडा तुकड्याला कडेने जोडतात, खाली काहीच नसतं. मागचं कापड वाटणारा पांढरा भागसुद्धा कापून जोडलेलाच असतो. अॅप्लिकमध्ये आधी एक सलग कापड घेतात आणि त्यावर पान-फूल ठेवून त्याच्या कडा शिवतात.

प्रदर्शनात हात लावू देत नाहीत, आणि उलटी बाजू पाहूनही फारसं कळत नाही, कारण तिथे अस्तर असतं. मग शिवणीचा माग काढायचा. पॅचवर्कची शिवण सहसा अधांतरी संपत नाही. दुसऱ्या शिवणीला मिळते नाहीतर ब्लॉकच्या, म्हणजे नमुन्याच्या एका चौकटीच्या, कडेला जाते. एखादं पान चारी बाजूंनी मोकळं, जरासं उचललेलं दिसलं तर ते अॅप्लिक. फक्त गोलाईवर विसंबू नका. ‘ड्रंकर्ड्स पाथ’ नावाच्या ब्लॉकमधली वळणं जोडून शिवतात, म्हणजे ते पॅचवर्कच. ‘ड्रेस्डेन प्लेट’ तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे: पाकळ्या एकमेकींना जोडायच्या आणि तयार झालेली ताटली कापडावर अॅप्लिक करायची. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८४० आणि १८५० च्या दशकांतल्या अल्बम क्विल्टमधले (म्हणजे ब्लॉकागणिक वेगळं चित्र असलेल्या क्विल्टमधले) फुलांचे हार आणि टोपल्या मात्र मुख्यतः अॅप्लिकचं काम.

करायला बसलं की दोन्हींचे स्वभाव कळतात. पॅचवर्क म्हणजे हिशेब. शिवणीला पाव इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेली कड, ठरलेली. तयार चौकोन ४ इंचांचा हवा तर कापायचा साडेचार इंचांचा. माया अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग जास्त गेली तर काय बिघडतं, असं वाटतं. पण शिवणीच्या दोन्ही बाजूंनी जाते, म्हणजे दर शिवणीला एक सूत. दहा चौकोनांच्या ओळीत नऊ शिवणी. चाळीस इंचांची ओळ एक इंच आणि वर एक सूत आखूड! मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळवताना रडू येतं.

अॅप्लिकला असला हिशेब नको. पान सूतभर सरकलं तरी वेल वेलच राहते. तिथे परीक्षा कडेची. सूत-दीड सूत कापड सुईच्या टोकाने आत दुमडत बारीक लपते टाके घालायचे. आत वळणाऱ्या कडेला चिरा द्याव्या लागतात, बाहेर फुगणाऱ्या कडेला नाही. पानाच्या टोकाशी मात्र जीव मुठीत. दोरा पानाच्या रंगाचा, खालच्या कापडाच्या नव्हे. (पॅचवर्कला करड्या दोऱ्याच्या एका रिळावर बहुतेक काम निभतं.) घाई असेल तर इस्त्रीने चिकटणारी जाळी वापरून कडेवर मशीनची झिगझॅग मारतात. मला ती कड राकट वाटते, पण रोज धुवायच्या लहान मुलांच्या पांघरुणाला चांगली.

आणि उरेप, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपा काप! पॅचवर्कमध्ये त्रिकोणाची उरेप कड हाताळताना ताणली गेली की ब्लॉक वाकडा. अॅप्लिकमध्ये त्याच गुणामुळे वेल होते. उरेप पट्टी वळवाल तशी वळते, सरळ धाग्याची पट्टी चुण्या पाडते.

संपूर्ण पांघरुणाचं कापड घेण्याआधी आवडलेल्या नमुन्याचा एकच ब्लॉक करून बघा, तोही त्याच पद्धतीने. माझे कापलेले चौकोन वाया गेले नाहीत. त्यांतल्या प्रत्येकावर मी एकेक लाल पान अॅप्लिक केलं आणि मग चौकोन एकमेकांना जोडले. पानं छान बसली होती. पण देठं अगदी कडेपर्यंत नेली होती, त्यामुळे जोडताना पाव इंच मायेने सगळ्यांची टोकं गिळली.