मिशिगनची शहरे आणि त्यांच्या खालचे खडक

अमेरिकेच्या नकाशावर मिशिगन हे राज्य शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण उत्तरेकडील पाच महासरोवरांपैकी चार सरोवरांचे किनारे एकट्या याच राज्याला लाभलेले आहेत. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन आणि ईरी या सरोवरांनी त्याचे दोन द्वीपकल्पांत विभाजन केले आहे. दक्षिणेकडचे द्वीपकल्प पंजाच्या आकाराचे असल्यामुळे तेथील माणसे आपले गाव दाखवायला उजव्या हाताचा तळवा पुढे करून त्यावर बोट ठेवतात. उत्तरेकडचे द्वीपकल्प पूर्व-पश्चिम पसरलेले, खडकाळ आणि विरळ वस्तीचे आहे. राज्याच्या सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळापैकी जवळपास ४० टक्के भाग पाण्याखाली आहे. या राज्यातील शहरांच्या जागा व्यापाऱ्यांनी किंवा सेनानींनी निवडल्या असे इतिहासाची पुस्तके सांगतात आणि ते खोटेही नाही. परंतु त्या जागा निवडण्याजोग्या का ठरल्या हे समजून घ्यायचे तर जमिनीखालचे खडक आणि त्यांच्यावरून सरकलेले बर्फ यांच्याकडे वळावे लागते.

दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाखाली गाळाच्या खडकांचे एक विस्तीर्ण खोरे आहे. सुमारे ५० ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात येथे उथळ, उष्ण समुद्र वारंवार येऊन गेले. त्यांच्या तळाशी वाळू, चिखल, चुना आणि मीठ यांचे थर साचत गेले आणि त्याच वेळी खोऱ्याचा मध्यभाग हळूहळू खचत राहिला. परिणामी हे थर एकात एक ठेवलेल्या खोलगट ताटल्यांसारखे बसले आहेत. मध्यभागी त्यांची एकूण जाडी सुमारे पाच किलोमीटर भरते, तर कडांकडे जुने थर वर येऊन जमिनीवर उघडे पडतात. यातील सिल्युरियन काळातला, म्हणजे सुमारे ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, डोलोमाइट हा चुनखडकासारखा खडक कठीण आहे. त्याची कड विस्कॉन्सिनमधील डोर द्वीपकल्पापासून मिशिगनच्या उत्तर भागातून कॅनडातील मॅनिटूलिन बेटाकडे व पुढे ब्रूस द्वीपकल्पावरून नायगारापर्यंत जाते, आणि नायगारा धबधबा कोसळतो तो याच कडेवरून. या कडेच्या आतल्या बाजूचे मऊ खडक नद्यांनी व नंतर बर्फाने सहज कोरून काढले, आणि मिशिगन व ह्युरॉन ही सरोवरे त्या कोरलेल्या पट्ट्यांत साचली. म्हणूनच ती दक्षिण द्वीपकल्पाला दोन्ही बाजूंनी वेढून आहेत.

जलशास्त्राच्या दृष्टीने ही दोन सरोवरे खरे तर एकच आहेत. मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने ती जोडलेली असून दोहोंची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १७६ मीटर इतकी सारखी राहते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटताना ईशान्येकडे एक खोलगट वाट उघडी पडली. बर्फाच्या भाराने तिथली जमीन तेव्हा बरीच दबलेली होती, त्यामुळे सरोवरांचे पाणी त्या वाटेने निघून गेले आणि त्यांची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खाली उतरली. त्या काळात मॅकिनॉपाशी सामुद्रधुनी नव्हती, तर घळीतून वाहणारी नदी होती. पुढे भार हलका झालेली जमीन वर उचलली जाऊन ती वाट बंद झाली, पाणी पुन्हा चढले आणि घळ बुडाली. १९५७ साली खुला झालेला सुमारे आठ किलोमीटर लांबीचा मॅकिनॉ पूल आज त्या बुडालेल्या घळीवरून जातो. तो होईपर्यंत राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात मोटार न्यायची तर नावेत चढवूनच न्यावी लागत असे.

उत्तरेकडचे द्वीपकल्प मिशिगनला मिळाले तेही एका तडजोडीतून. टोलीडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायोशी झालेल्या भांडणात मिशिगनने माघार घेतली, त्या बदल्यात हा प्रदेश स्वीकारला आणि १८३७ साली संघराज्यात प्रवेश मिळवला. त्या वेळी पुष्कळांना हा सौदा तोट्याचा वाटला होता. मात्र १८४१ साली राज्याचे भूवैज्ञानिक डग्लस हॉटन यांनी याच प्रदेशातल्या किवीनॉ द्वीपकल्पातील तांब्याविषयीचा अहवाल सादर केला आणि काही वर्षांतच तेथे खाणमालकांची रीघ लागली.

किवीनॉचे खडक महाराष्ट्रातील वाचकाला विशेष ओळखीचे वाटतील. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागले होते. ती फाट पूर्ण झाली नाही, पण तिच्यातून बेसाल्टच्या लाव्ह्याचे थरावर थर बाहेर पडले. आपल्या सह्याद्रीचा कातळ असाच लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे, फक्त तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तुलनेने अगदी अलीकडचा आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंमुळे पोकळ्या राहतात आणि नंतर गरम पाण्यातून आलेली खनिजे त्या पोकळ्या भरून काढतात. पुणे, नाशिक, जळगाव या परिसरांतील खाणींमध्ये अशा पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. किवीनॉमध्ये त्याच जागी शुद्ध, धातुरूप तांबे साचले. जगात बहुतेक ठिकाणी तांबे खनिजांतून वितळवून काढावे लागते, येथे मात्र ते खडकात तयारच होते. म्हणूनच येथील मूळ रहिवासी हजारो वर्षांपूर्वीपासून खड्डे खणून ते काढत आणि ठोकून हत्यारे व दागिने घडवत. हेच लाव्ह्याचे थर सुपीरियर सरोवराच्या दिशेने कलत पाण्याखाली जातात आणि पलीकडे आयल रॉयल बेटावर पुन्हा वर येतात. सुपीरियर सरोवर या वाकलेल्या थरांच्या खळग्यात आहे. त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे, तर ईरी सरोवर ६४ मीटरांपेक्षा खोल नाही. हा मोठा फरक पडण्यामागे तळाच्या खडकांच्या रचनेचा आणि बर्फाच्या कोरीवकामाचा एकत्रित हात आहे.

लोखंडाचा शोध याहूनही लक्षणीय रीतीने लागला. १८४४ सालच्या सप्टेंबरमध्ये विल्यम बर्ट यांची सर्वेक्षण तुकडी आजच्या निगॉनी गावाजवळ जमिनीची मोजणी करीत असताना चुंबकसूची भलतीकडेच वळू लागली. बर्ट यांनी सूर्याच्या स्थानावरून दिशा ठरवणारे होकायंत्र आधीच तयार केले होते, त्यामुळे त्यांचे काम थांबले नाही. सूची का भरकटते आहे हे पाहण्यासाठी आजूबाजूचे दगड तपासले, तेव्हा ते लोहखनिजाचे निघाले. हे पट्टेदार लोहखडक सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले होते. त्यांच्यामुळे मार्केट हे सुपीरियरच्या काठचे बंदर उभे राहिले. आता प्रश्न होता तो खनिज दक्षिणेकडे नेण्याचा. सुपीरियरचे पाणी सेंट मेरी नदीतून ह्युरॉनमध्ये उतरताना सू सेंट मरी येथे खळाळत सहा मीटरांहून अधिक खाली येते, आणि जहाजाला ती उतरंड पार करता येत नसे. १८५५ साली तेथे कालवा काढून लॉक बांधण्यात आले. लॉक म्हणजे दोन दारांमधील हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वरच्या अथवा खालच्या पातळीवर आणले जाते. पंपाची त्यात गरज नसते, सरोवराच्या पातळीतील फरकच हे काम करतो. माझ्या मते या राज्याच्या भूगोलात या सहा मीटरांइतके महत्त्वाचे अंतर दुसरे नाही.

ही वाट मोकळी झाली नसती तर डेट्रॉईटचे पुढचे रूप घडले नसते. पोलादासाठी लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी अशा तीन गोष्टी लागतात. लोहखनिज सुपीरियरकडून येत होते. चुनखडी दक्षिण द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर, रॉजर्स सिटी आणि ॲलपिना येथे, त्याच जुन्या समुद्रांच्या थरांत विपुल होती. कोळसा ॲपलाचियन डोंगरांतून ईरीच्या बंदरांपर्यंत आणि तेथून पुढे येत असे. डेट्रॉईटशेजारच्या डिअरबॉर्नमध्ये रूज नदीच्या काठी हेन्री फोर्ड यांनी उभारलेल्या प्रचंड कारखान्यात एका बाजूने हा कच्चा माल बोटींतून उतरे आणि दुसऱ्या बाजूने तयार मोटारी बाहेर पडत.

डेट्रॉईटची स्थापना १७०१ साली फ्रेंच अधिकारी कॅडिलॅक यांनी ईरी आणि ह्युरॉन यांना जोडणाऱ्या अरुंद प्रवाहाच्या काठावर केली. फ्रेंच वसाहतकारांनी प्रत्येकाला नदीचा थोडा थोडा काठ मिळावा म्हणून शेते अरुंद व लांबच लांब आखली. त्या शेतांच्या बांधांवरून पुढे रस्ते निघाले, आणि बोबिएन, सेंट ऑबिन, लिव्हरनॉय ही त्या रस्त्यांची नावे आजही त्या कुटुंबांची आठवण ठेवून आहेत. १८०५ साली गाव जळून गेल्यावर न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्ड यांनी किरणांसारख्या पसरणाऱ्या रुंद मार्गांची योजना आखली. ती अर्धवटच अमलात आली. शहराबाहेर अमेरिकी सरकारच्या मोजणीने सगळा प्रदेश चौरसांत कापला. त्या मोजणीची आडवी आधाररेषा म्हणजेच आजचा एट माइल रोड, जो डेट्रॉईटची उत्तर हद्दही आहे. अशी तीन प्रकारची आखणी एकाच शहरात एकमेकींवर बसलेली असल्याने डेट्रॉईटच्या नकाशावर रस्ते अचानक तिरके होतात.

जमिनीवर ओढलेली सरळ रेष माणसांच्या आयुष्यात किती खोल उतरू शकते हे एट माइल रोडने दाखवले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही रेषा कृष्णवर्णीय डेट्रॉईट आणि गोऱ्यांची उपनगरे यांची सीमा मानली जाऊ लागली. तिच्याजवळच १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने काँक्रीटची भिंत उभी केली, कारण कृष्णवर्णीय वस्तीशेजारी बांधल्या जाणाऱ्या घरांना सरकारी हमीचे कर्ज मिळत नव्हते आणि भिंत झाल्यावर ते मिळाले. ती भिंत अजून तेथे आहे. १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०२० साली सुमारे ६ लाख ३९ हजारांवर आली. कारखाने व गोरे रहिवासी ज्या वेगाने बाहेर गेले, त्याला सपाट आणि कोणत्याही दिशेला पसरू देणारी जमीन अनुकूलच होती.

ही सपाटी बर्फाने दिलेली आहे. बर्फ वितळताना त्याच्या कडेशी साचलेल्या प्राचीन सरोवराचा चिकणमातीचा तळ म्हणजे आजचे डेट्रॉईट. त्या सरोवराच्या जुन्या किनाऱ्यांच्या वाळूच्या कडा दलदलीतून थोड्या उंच व कोरड्या राहिल्या, आणि मूळ रहिवाशांच्या पायवाटा अशाच कोरड्या जागा धरून जात. शहरापासून वायव्येला गेले की जमीन टेकड्यांची होते. तेथे हिमप्रवाहांनी आणलेला दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, पसरलेला आहे. त्यात गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळल्यावर जे खळगे राहिले त्यांची ओकलंड परगण्यातील शेकडो तळी झाली. मोटार उद्योगात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे नोव्ही, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशा याच परगण्यातील गावांत राहतात.

शहराखाली तीनशे मीटरांहून अधिक खोलीवर सिल्युरियन समुद्राचे मीठ आहे. १९१० सालापासून ते खणले जात असून हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाते. राज्याच्या मध्यभागी मिडलंड येथे खोऱ्यातील क्षारयुक्त पाण्यातून ब्रोमिन काढण्यासाठी हर्बर्ट डाऊ आले आणि १८९७ साली त्यांची रसायन कंपनी उभी राहिली. सॅगिनॉच्या करवत गिरण्यांनी तर लाकडाचा भुसा जाळून तेच पाणी आटवले व मीठ विकले. या गिरण्यांनी पांढऱ्या पाइनची अरण्ये काही दशकांतच संपवली. ग्रँड रॅपिड्स येथे ग्रँड नदी चुनखडकाच्या पायरीवरून खळाळते, आणि तेथे लाकूड व जलशक्ती एकत्र आल्याने फर्निचरचा उद्योग वाढला. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१७ सालचे अधिवेशन याच शहरात भरले होते.

मिशिगन सरोवराचा पूर्व किनारा हा राज्यातील सर्वांत रमणीय भाग आहे असे मी निःसंकोचपणे म्हणेन. पश्चिमेच्या वाऱ्यांनी तेथे वाळूच्या टेकड्या रचल्या आहेत. स्लीपिंग बेअर येथे त्या हिमोढाच्या कड्यावर चढून बसल्याने सरोवरापासून सुमारे १३७ मीटर उंच दिसतात. हेच वारे फळबागाही राखतात. वसंतात थंड राहिलेले पाणी झाडांना लवकर मोहर येऊ देत नाही, त्यामुळे उशिराच्या हिमतुषारांनी फुले करपत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याने साठवलेली उष्णता शरद ऋतूत गारठा लांबवते. ट्रॅव्हर्स सिटीच्या परिसरातील आंबट चेरी या नियमावरच जगते. किवीनॉमध्ये मात्र हेच तत्त्व कठोर होते: सुपीरियरवरून येणारी थंड हवा बाष्प उचलते, उंच जमिनीवर चढताना ते टाकते, आणि १९७८-७९ च्या हिवाळ्यात तेथे एकूण जवळपास दहा मीटर हिमवर्षाव नोंदला गेला.

एवढे पाणी असलेल्या राज्यात फ्लिंट शहराला पिण्याच्या पाण्याने विषबाधा झाली, ही घटना केवळ भूगोलाने समजत नाही. हे शहर ह्युरॉन सरोवरातून डेट्रॉईटमार्गे येणारे पाणी वापरत होते. २०१४ साली खर्च वाचवण्यासाठी ते फ्लिंट नदीवर वळवण्यात आले. नदीचे पाणी नळांना अधिक गंजवणारे होते आणि त्यात गंजरोधक रसायन घातले गेले नाही, त्यामुळे जुन्या नळांतील शिसे घराघरांत पोहोचले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा सरोवराच्या पाण्यावर आणले गेले, पण तोवर लहान मुलांच्या रक्तात शिसे उतरले होते.

सरोवरांची पातळीही स्थिर नाही. पाऊस, हिमवर्षाव आणि बाष्पीभवन यांच्या मेळानुसार मिशिगन-ह्युरॉनची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नोंदींतील नीचांकाला गेली आणि २०२० मध्ये उच्चांकाजवळ पोहोचली. नोंदींतील दोन टोकांमधील फरक जवळपास दोन मीटरांचा आहे. पाणी चढलेल्या काळात वाळूच्या कड्यांवरची घरे खाली कोसळली. त्यात उत्तरेकडची जमीन बर्फाच्या भारातून सुटून अजूनही वर येत असल्याने तेथील किनारे हळूहळू पाण्याबाहेर सरकत आहेत. अशा हलत्या काठावर खासगी मालकी कोठे संपते, हा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निर्णय दिला की नेहमीच्या उच्च जलरेषेच्या खालच्या पुळणीवरून, ती कोणाच्याही घरासमोर असो, चालत जाण्याचा हक्क सर्वांना आहे.