शिराकावा-गो आणि गोकायामा

शिराकावा-गो आणि गोकायामा : जपानच्या होन्शू बेटावरील शो नदीच्या खोऱ्यात, डोंगरांनी वेढलेला ग्रामीण प्रदेश. शिराकावा-गो गिफू प्रांतात, तर गोकायामा उत्तरेकडील तोयामा प्रांतात येते. ओगिमाची, आइनोकुरा व सुगानुमा ही येथील तीन गावे 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

येथील घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराचा आकार तसाच दिसतो. हिवाळ्यात येथे प्रचंड बर्फ पडते. ते साचून राहू नये म्हणून गवताने शाकारलेल्या छपराला सुमारे 60 अंशांचा उतार देतात. छपराच्या सांगाड्यात खिळा नसतो. लाकडे गवताच्या दोरांनी आणि पिळून मऊ केलेल्या ओल्या फांद्यांनी बांधतात. फांद्या वाळल्या की गाठ आणखी आवळते. आतल्या चुलवणाचा धूर गवतातली कीड मारतो, म्हणून चूल पेटती राहणे हीसुद्धा घराची निगाच.

पण ही घरे केवळ बर्फासाठी एवढी उंच झाली नाहीत. भातशेतीला सपाट जमीन तुटपुंजी असल्याने माळ्यावर मजल्यांवर मजले चढवून तिथे रेशीमकिडे पाळत. तळाशी, चुलीजवळच्या जमिनीखाली खड्डे खणून माती, रानगवत व रेशीमकिड्यांची विष्ठा थरांनी भरत आणि काही वर्षे मुरू दिलेल्या या मातीतून सोरा काढत. गोकायामा कागा संस्थानाच्या ताब्यात होते आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारा हा सोरा संस्थानाला जाई. मेइजी काळात (1868–1912) स्वस्त परदेशी सोरा आल्यावर हा धंदा बसला. एकाच छपराखाली वर रेशीम, खाली सोरा आणि मधे संसार, ही रचना पाहिल्याशिवाय या घरांचे मोठेपण कळत नाही.

छप्पर साधारण 30 ते 40 वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. शंभर-दोनशे माणसे जमतात आणि एक बाजू एक-दोन दिवसांत पुरी करतात. या परस्पर श्रमाला ‘युई’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीशी त्याचे नाते सहज ओळखू येते. 1971 मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी ‘विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही’ असा ठराव केला. गाव टिकले ते मुख्यतः या निर्धारामुळे.

गोकायामात कोझो झाडाच्या सालीपासून हातकागद (वाशी) अजूनही बनतो. येथील टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) इतका घट्ट, की दोरीने बांधून उचलता येतो. शिराकावाकडे मॅग्नोलियाच्या वाळलेल्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) भाजून भाताबरोबर खातात. वसंतात रानभाज्या असतात. ऑक्टोबरमध्ये देवळांतून ‘दोबुरोकू’ ही न गाळलेली तांदळाची दारू देवाला वाहून सर्वांना वाटतात.

ताकायामा वा कानाझावाहून बसने येथे पोहोचता येते. ओगिमाचीत गर्दी फार. डोंगरउतारावरचे आइनोकुरा त्यामानाने निवांत आहे. काही घरांत मुक्कामाची सोय असते. मात्र बहुतेक घरांत आजही माणसे नांदतात, त्यामुळे विचारल्याशिवाय अंगणात शिरू नये, आणि गवताच्या छपरांजवळ विस्तव तर मुळीच नेऊ नये.