पोळ्याचे बैल, कोजागिरीचा चंद्र आणि एकच लेन्स

भाच्यानं जुना डीएसएलआर घेतला आणि दिवाळीनंतर फिरायला निघायचं ठरवलं. आधी लोणार, मग गडचिरोलीतलं मार्कंडा, वाटेत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं एखादं नाटक आणि जमलं तर ताडोबा. प्रवास एसटीनं, पाठीवर एकच पिशवी. त्यानं विचारलं, "मामाजी, एकच लेन्स न्याची हाये. कोन्ती नेऊ?" आणि लगेच ऐकलेलं ज्ञानही पुढं ठेवलं, "वाइडनं फोटो ताणल्या जाते, अन् टेलेनं मागचं जवळ येते म्हन्तात."

वाइड म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, टेले म्हणजे दूरचं मोठं करून दाखवणारी. भाच्यानं सांगितलेला गैरसमज इतका पसरलाय, की चांगले फोटो काढणारेही तो सांगतात. मागची वस्तू जवळ आणायचं काम लेन्स करतच नाही. हे एकदा कळलं, की लेन्स निवडण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. म्हणून आधी तेच नीट पाहू.

पोळ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गावाबाहेर आखरावर तोरण बांधलंय, खाली झूल घातलेली जोडी उभी आहे आणि त्यांच्या ३० मीटर मागं मारुतीचं देऊळ. बैल दीड मीटर उंच, देवळाचा कळस ९ मीटर. तुम्ही बैलापासून ३ मीटरवर उभे आहात, म्हणजे देवळापासून ३३ मीटरवर. आता शाळेतले समरूप त्रिकोण आठवा. लेन्समागं सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची म्हणजे वस्तूची उंची भागिले तिचं अंतर, गुणिले लेन्सचं नाभीय अंतर (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा). बैलासाठी दीड भागिले ३, म्हणजे ०.५. देवळासाठी ९ भागिले ३३, म्हणजे साधारण ०.२७. फोटोत बैल देवळाच्या जवळजवळ दुप्पट दिसेल.

आता १२ मीटर मागं या. बैल १५ मीटरवर, देऊळ ४५ मीटरवर. बैल ०.१, देऊळ ०.२. देऊळ बैलाच्या दुप्पट झालं! खिशातून दुसरी लेन्स काढली नाही, फक्त चाललो.

या दोन्ही हिशेबांत नाभीय अंतर कुठं गेलं? बैलाच्या प्रतिमेलाही त्यानंच गुणायचं आणि देवळाच्याही, त्यामुळं गुणोत्तर काढताना ते वर-खाली कटून जातं. २४ मिलिमीटरची लेन्स लावा की २०० ची, एकाच जागी उभं राहून बैल आणि देऊळ यांचं प्रमाण बदलणार नाही. लेन्स फक्त समोरच्या दृश्याचा किती तुकडा कापायचा ते ठरवते. टेलेनं मागचं जवळ आल्यासारखं वाटतं, कारण टेले लावली की आपण दूर जाऊन उभे राहतो. पटत नसेल तर मोबाइल घ्या, एका जागेवरून १एक्स आणि ३एक्स असे दोन फोटो काढा आणि पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याशेजारी ठेवा. स्पष्टता कमी-जास्त असेल, प्रमाण तेच असेल. (वाइडच्या कडांना वस्तू खरोखर ताणल्यासारख्या दिसतात. रुंद दृश्य सपाट सेन्सरवर उतरवण्याची ती किंमत आहे, मधल्या भागात ती जाणवत नाही.)

सेल्फीत नाक मोठं येतं तेही याचमुळं. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे नाक कानाच्या मानानं १.४ पट मोठं. दीड मीटरवरून तोच फरक १.०८ पट उरतो. कॅमेऱ्याचा दोष नाही, हात आखूड पडतो.

याच नियमाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण चंद्राचं आहे. दर पौर्णिमेला कळसामागं भलाथोरला चंद्र असलेला फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आज सुपरमून, चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ'. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. अर्धा अंश म्हणजे कुठल्याही अंतराचा साधारण ११० वा भाग. ४५ मीटरवरून देवळाकडं पाहिलं तर त्यामागचा चंद्र देवळाच्या मापानं ४० सेंटिमीटरचा, एखाद्या परातीएवढा. पण कोजागिरीला पऱ्हाटीच्या वावरातून एक किलोमीटर मागं जा, धुऱ्यावर उभे राहा आणि चंद्र बरोबर देवळामागून उगवेल अशी जागा धरा. आता चंद्र ९ मीटरचा, म्हणजे अख्ख्या देवळाएवढा! चंद्र तसूभर मोठा झाला नाही, देऊळ लहान झालं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पौर्णिमेच्या चंद्रात व्यासाचा फरक सुमारे १४ टक्के असतो, तोही दोन्ही शेजारी ठेवले तर जाणवेल. सुपरमूनचा माणसाच्या भाग्यावर, गर्भवतीवर किंवा पिकावर परिणाम होतो असं सांगणाऱ्यांना हात लांब करून करंगळीनं चंद्र झाकायला सांगा. उगवताना झाकला जातो, डोक्यावर आला तरी झाकला जातो आणि सुपरमूनच्या रात्रीही झाकला जातो.

असा चंद्र काढायला मात्र लांब लेन्स लागते. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून तो सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडतो. भाच्याच्या यादीत चंद्र नव्हता, म्हणून ते सोडलं.

यादीत लोणार होतं, आणि लोणारला जाणारा प्रत्येक जण वाइड शोधतो. बेसॉल्टमधलं ते उल्काविवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ गोल आहे, आपण उभे असतो त्याच्या काठावर. दहावीतलं प्रमेय आहे की, अंतर्लिखित कोन त्यानं अडवलेल्या कंसाच्या निम्मा असतो. काठावरचा छायाचित्रकार म्हणजे वर्तुळावरचा बिंदू! मोठ्या, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर २४ ची लेन्स आडवे ७४ अंश पाहते, म्हणजे काठाचे १४८ अंश. ३५ ची ५४ अंश पाहते, म्हणजे १०८. पूर्ण ३६० मिळवायला १८० अंशांची लेन्स हवी आणि सरळ रेषा सरळ ठेवणारी तशी लेन्स होऊच शकत नाही. अख्खं विवर एका फोटोत येत नसेल, तर त्यासाठी अतिवाइड कशाला वाहायची? तीन फोटो जोडून घ्यावेत.

म्हणून मी मोठ्या सेन्सरवरच्या ३५ एवढं दृश्य देणारी लेन्स सांगितली. त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर दीडपट लहान, त्यामुळं तेवढंच दृश्य त्याला २४ मिलिमीटरची लेन्स देते. मार्कंड्याच्या देवळांच्या भिंतींवरच्या मूर्तींजवळ जाता येतं, अंगणात मागं सरकता येतं, शेतकऱ्याशी बोलता बोलता दीड-दोन मीटरवरून त्याचा चेहरा आणि मागचं वावर दोन्ही येतात. पाय मोकळे असले की ही लेन्स पुरते. ताडोबात पाय मोकळे नसतात. जिप्सीतून उतरता येत नाही, रस्ता सोडता येत नाही, मग तुकडा लहान कापणं एवढाच उपाय उरतो आणि त्याला ४०० च्या आसपासची लेन्स लागते. फक्त ताडोबालाच जाणार असाल तर तीच न्या. पण भाच्यासारखं वाटेतल्या एका सकाळसाठी तेवढं वजन पाठीवर नको, दुर्बीण न्या आणि वाघ डोळे भरून पाहा.

उरला उजेड. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या आत किंवा रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या मंडपात लेन्सचं छिद्र कामाला येतं. नाभीय अंतर भागिले एफचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास. २४ मिलिमीटर आणि एफ १.८ म्हणजे १३ मिलिमीटरचं छिद्र. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट झूम तिथं साधारण एफ ४ देते, म्हणजे ६ मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून उजेड ५ पट. १/१२ सेकंदात हललेला नट १/६० मध्ये बराच स्थिर येतो आणि कलाकाराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारावा लागत नाही.

पैसे घालायच्या आधी त्याला एक काम दिलं. किट झूम २४ वर आणायची, रिंगवर चिकटपट्टी लावायची आणि आठवडी बाजाराचा अख्खा दिवस तिच्यावर काढायचा. संध्याकाळी त्यानं फोटो दाखवले. पहिल्या तासातल्या सगळ्या चित्रांत माणसं लहान होती. दुपारनंतर मिरचीवालीचे हात, तराजूचा काटा आणि मागं थांबलेली बंडी, तिन्ही एकाच चौकटीत यायला लागले होते.